चिंबोरीचं रडणं

घरबसल्या सिनेमाला आवाज द्यायच्या कामात अख्ख्या पेणमध्ये माझा हात धरणारा कुणी नाही! हे मी त्या रविवारच्या सकाळपर्यंत बिनदिक्कत सांगत फिरत होतो.

गणपतीच्या कारखान्यातून शाडूची माती आणून मी एक चिंबोरी, म्हणजे खाडीतली खेकडी, केली, तिचं पिल्लू केलं आणि त्यांचा सिनेमा काढायला घेतला. चिंबोरी केसभर सरकवायची, फोटो काढायचा, पुन्हा केसभर सरकवायची. पावसाळा संपल्यापासून हेच! शाडू सुकून तडकते, म्हणून रात्री चिंबोरीच्या अंगावर ओलं फडकं टाकायचं. "माझ्या अंगावर कधी पांघरूण घातलंत का?" असं नमिता, म्हणजे माझी बायको, विचारायची. मी ऐकून घ्यायचो. रोह्याच्या एका मंडळाच्या स्पर्धेत सिनेमा लागला, की सगळ्यांची तोंडं आपोआप बंद होणार होती!

बारीकसारीक आवाज घरीच झाले. खाडीचा चिखल म्हणजे भिजवलेले पोहे मुठीत दाबायचे. चिंबोरीची चाल म्हणजे वालाच्या सुक्या शेंगा ताटावर फिरवायच्या. राहिलं एकच. पिल्लू जाळ्यात जातं आणि आई रडते, ते रडणं. रविवारी रात्रीपर्यंत सिनेमा पाठवायचा होता आणि आई मुकी!

असं रडणं फक्त माझ्या इंदूमावशीला येतं. ती राहते रोह्याजवळच्या अष्टमी गावात, पण माहेर खाडीकाठचं. कुठं मयत झालं की तिला बोलावणं जातं. गेलेल्याचे गुण आठवून ती असा हेल काढते, की त्याच्याशी उभा दावा मांडलेली माणसंही ढसाढसा रडतात. सकाळच्या एसटीने ती आली.

"शिनेमात रडायचं हाय ना? रडते की! पन मदी थांबवू नको. येकदा सूर लागला का मला थांबता येत नाय."

मी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. आवाज घुमू नये म्हणून घरातल्या सगळ्या गोधड्या भिंतींना टांगल्या. शेजारच्या हौसाकाकूंना हात जोडून सांगितलं, "काकू, आज टीव्ही नको, मिक्सर नको." माझा श्वाससुद्धा माईकमध्ये येत होता! म्हणून लांब वायर ओढून, कानाला हेडफोन लावून मी न्हाणीघरात बसलो. नमिता बाजारात गेली होती.

मावशीने सूर लावला. "माज्या लेकराऽ! आयशीला टाकून कुठं गेलास रंऽ!"

काय आवाज! इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग मी जन्मात केलं नव्हतं.

आता हेच बाहेरून बघा. माझी मोटारसायकल दारात, मी कुठंच नाही, भर दिवसा खिडक्या बंद आणि आत माझी मावशी लेकराच्या नावाने टाहो फोडतेय! हौसाकाकूंनी मला मारून टाकलं!

हेडफोनमध्ये दुसरा गळा घुसला. "सकालीच माज्यासमोर हात जोडून गेला गो! मला काय ठावं, निरोप घेतोय!"

बाहेर जावं, तर रेकॉर्डिंग मोडणार. आणि खरं सांगू? माझ्याबद्दल पुढं काय बोलतात, ते मला ऐकायचं होतं!

"आजून बोला गो," मावशी रडता रडता म्हणाली, "काय काय गुन व्हते त्याचे?"

"कुनाच्या अध्यात नाय, मध्यात नाय!" हौसाकाकू.

"आनि?"

"कुनाच्या उपयोगी पडला नाय, पन आड पन आला नाय!"

"येवढा घोडा झाला, पन मातीत खेलायचा!" हे समोरचे दाजी. "मन निर्मल व्हतं!"

"आनि?"

हेडफोनमध्ये भिंतीवरची पाल तेवढी चुकचुकली. शेवटी हौसाकाकूंनी हंबरडा फोडला, "दिसला का हसायचा गोऽ!"

आयुष्यभराची कमाई एवढीच! माझे डोळे भरून आले. इतक्यात नमिताचा आवाज आला, "काय झालं?"

"निकेश गेला गो, नमिता!"

"गेले? आणि मी दळण टाकून आले ते कोण आणणार?"

मी दार उघडून बाहेर आलो. हेडफोन लावलेलं भूत बघून हौसाकाकू किंचाळल्या. दाजी तर भडकलेच. "अरे, गडबला फोन केलाय मी! तुजी चुलत मानसं निघालीत तिकडून! त्यांना आता काय सांगू?" मी जिवंत असल्याबद्दल सगळ्यांची माफी मागितली. माझ्या घरी चूल पेटणार नाही म्हणून आणलेलं पिठलं-भाताचं पातेलं हौसाकाकू तसंच उचलून परत घेऊन गेल्या.

मावशी मात्र खूश! "मला वाटलं, शिनेमात गर्दी पायजे म्हनून तूच आनलीस. काय रडली रं मानसं!"

"मावशी, पुन्हा एकदा? एकटीने?"

"नाय रं बाबा. सगलं रडू सपलं."

मी पुष्कळ कापाकापी केली. पण मावशीच्या प्रत्येक हेलात हौसाकाकू आणि दाजी मिसळलेले! रात्री हताश होऊन आहे तसाच सिनेमा पाठवून दिला.

रोह्याला तो दाखवला, तेव्हा पिल्लू जाळ्यात गेलं आणि रडणं सुरू झालं. "उपयोगी पडला नाय" ला मागून हुंदका आला. नमिता पदराने डोळे पुसत होती. "किती गुणी होतं हो पिल्लू!"

मी हळूच म्हटलं, "अगं, ते सगळे माझ्याबद्दल बोलतायत!"

"गप्प बसा हो," ती नाक ओढत म्हणाली, "ऐकू द्या ना!"