पाठमोरे तात्या

विमानांचा कार्यक्रम विमानाकडे पाठ करून बघणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या रहाटणीतले बबनतात्या. चाकणच्या पुढे विमानांचं संग्रहालय आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धातलं एक विमान दुरुस्त करून महिन्यातून एका रविवारी उडवतात. तात्या मला सकाळी सकाळी गाडी काढायला लावतात, भांडून पहिल्या रांगेतली खुर्ची मिळवतात आणि ती उलटी फिरवून मागच्या लोकांची तोंडं बघत बसतात. मला याचा भयंकर राग येतो.

तात्यांनी तीस वर्षं कंपनीत क्वालिटीला काढली. कामगाराने केलेला पीस मोजायचा आणि केसभर फरक दिसला की परत पाठवायचा. निवृत्त झाले, पण खिशातला मायक्रोमीटर काही सुटला नाही. काकूंची भाकरीसुद्धा मोजतात. "काठाला जाड, मधी पातळ. रिजेक्ट." माझी नवी गाडी नुसत्या दाराच्या आवाजावरून रिजेक्ट झाली. पुनावळ्याचे जावई तर साखरपुड्यातच रिजेक्ट झाले होते.

गेल्या खेपेला विमान उडालं आणि निवेदक माइकवर म्हणाला, "याचा प्रत्येक भाग मूळचा आहे."

तात्या उसळले. "मूळचा म्हनं! चाकाच्या पायातली पिन आमच्या गौतमनं केलीय. खोटारडा लेकाचा."

माझंही डोकं सटकलं. "तात्या, आधी तोंड तिकडे करा. लोक हसतायत."

"हसू दे."

विमान डोक्यावरून घरघरत गेलं. तात्यांनी खिशातला मायक्रोमीटर मुठीत आवळला होता. मग रागारागातच त्यांनी सगळं सांगितलं. गौतम कंपनीत लेथवर होता. निवृत्तीनंतर दोघं हौसेनं या विमानावर राबले. उतरताना सगळा भार झेलणारी जुनी पिन झिजलेली, नवी कुठे मिळेना, म्हणून गौतमने ती करायला घेतली. त्याच्या तीन पिना तात्यांनी रिजेक्ट केल्या. चौथी घेऊन आला, तेव्हा आजारानं त्याचे हात थरथरत होते.

"म्हनला, बबन, मोज. मी म्हनलं, तू केलीस न्हवं, मग पास. आरं, मोजली आन् चुकीची निघाली, तर पाचवी करायला त्याच्यात जीव कुठं हुता? पंधरा दिसांत गेला त्यो. जल्मात एकच पीस न मोजता सोडला, भाऊ."

"अहो, नंतर इथल्या इंजिनिअरांनी तपासलीच असेल की."

"त्यांनी तपासली. मी न्हाई. आन् वर माणूस बसलाय."

माझा राग कुठल्या कुठे गेला. विमान उतरायला वळलं, तशी मीही माझी खुर्ची उलटी फिरवली. मागच्या रांगेतल्या बाई आम्हा दोघांकडे बघतच राहिल्या. तात्यांनी डोळे मिटून घेतले होते.

चाकं टेकल्याचा आवाज आला, मग टाळ्या. तात्या सावकाश वळले. विमान आपल्या पायांवर शांतपणे धावपट्टीच्या टोकाला चाललं होतं. तात्यांनी खिशातून हात बाहेर काढला, डोळे पुसले आणि हळूच म्हणाले, "गौतमा, पास."