थोरल्या साडूंचा चपळ संगणक

नकाशे काढणाऱ्या त्या कार्यालयात नवा संगणक एकच आला आणि तिथे काम करणाऱ्या दोघा साडूंपैकी थोरल्यांनी तो ज्येष्ठतेच्या जोरावर पटकावला. त्यांचा जुना, धापा टाकत सुरू होणारा संगणक धाकट्याच्या गळ्यात पडला. थोरल्यांच्या काळजाला लाभलेला गारवा दुसऱ्या सकाळपर्यंत टिकला.

सगळे नकाशे सर्व्हरवर असत. संगणकातली लिनक्स प्रणाली सुरू होतानाच सर्व्हरवरचे सामायिक फोल्डर आपोआप जोडले जाई. धाकट्याकडे ते जोडले गेले. थोरल्यांकडे रिकामे उघडले.

"दादा, मी बघू का? बहुतेक हा फार लवकर—"

"काही नको! तुझं कौतुक घरी ऐकतोच आहे मी. तुझ्या मेहुणीला दुसरा विषय नसतो."

शुक्रवारी दोघांचे नकाशे पाहून साहेबबाई विभागप्रमुख नेमणार होत्या. थोरल्यांनी शास्त्रशुद्ध तपास आरंभला. गृहीतक एकच होते: धाकट्याने काहीतरी केले आहे. त्यांनी धाकट्याशी केबल बदलली, टेबल बदलले, शेवटी खुर्चीही.

"खुर्ची कशाला, दादा?"

"एकही घटक सुटता कामा नये."

निष्कर्ष मात्र बदलेना. अखेर शुक्रवारी सकाळी त्यांनी संगणकांचीच अदलाबदल केली. जुना संगणक कुरकुरत सुरू होऊ लागला, तोच साहेबबाई आल्या.

"तुमचा नकाशा?"

"येतोय."

"येऊ द्या सावकाश. तोवर ह्यांचा बघते."

धाकट्याचा नकाशा पडद्यावर झळकत होता.

"हा नवा संगणक तुझ्याकडे कसा चालला?" थोरल्यांनी दात-ओठ खात विचारले.

"हा फार चपळ आहे, दादा. नेटवर्क सुरू व्हायच्या आत सर्व्हरला हाक मारतो. उत्तर आलं नाही की गप्प. जुना उठेपर्यंत नेटवर्क आलेलं असतं. मी ह्याला एवढंच सांगितलं, नेटवर्क येईपर्यंत थांब."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगतच होतो. तुम्ही माझी खुर्ची ओढत होतात."

थोरल्यांचा नकाशा उघडला तेव्हा साहेबबाई नव्या विभागप्रमुखाचे अभिनंदन करून निघून गेल्या होत्या. धाकटा ओशाळून जवळ आला.

"दादा, नवा संगणक तुम्हीच ठेवा. आता नीट चालतोय."

थोरल्यांनी डोळे बारीक केले आणि जुन्या संगणकावर हात ठेवला.

"का रे? ह्या जुन्यात असं काय आहे?"