एक दिवसाआड

आमच्या शेजारच्या काशिनाथकाकांना "कसे आहात?" असं चुकूनही विचारू नये. ते "बरा आहे" म्हणतच नाहीत. स्वतःचं मनगट धरतात, डोळे मिटतात आणि जाहीर करतात, "आज मोटर हवा धरते गो. वरच्या आळीला पाणी नाय." मोटर म्हणजे काळीज आणि वरची आळी म्हणजे डोकं.

काका तीस वर्षं किन्हवलीच्या नळपाणी योजनेवर पाणी सोडायला होते. एक दिवस खालच्या आळीला पाणी, दुसऱ्या दिवशी वरच्या. निवृत्त झाले तरी कान तिथंच. माझ्या शिलाई मशीनचा आवाज ऐकूनसुद्धा "हिची बेरिंग गेली" म्हणतात. मशीन माझी, पोट माझं, आणि बेरिंगची काळजी यांना!

गेल्या वर्षी त्यांना चक्कर यायला लागली. काकी वारलेली, मुलगा नाशिकला, म्हणून शहापूरला डॉक्टरांकडे मीच नेलं. कार्डिओग्राम बघून डॉक्टर सांगायला लागले की ठोके वेडेवाकडे पडतात, त्यानं मेंदूला रक्त कमी पोचतं. शिवाय रक्त हृदयातच साचून राहिलं तर गुठळी होते. काकांनी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही.

"म्हंजे टाकीत पाणी थांबलं, शेवाळ धरलं. ते सुटून पाइपात अडकलं की वरची आळी बंद."

डॉक्टर म्हणाले, अगदी तसंच, आणि ती आळी कायमची बंद होऊ शकते. म्हणून रक्त पातळ करायची गोळी रोज संध्याकाळी, एकही दिवस न चुकता.

एवढं ज्याला कळलं त्यानं काय करावं? गोळी एक दिवसाआड घ्यायला लागले. मला पत्ताच नाही. एका सकाळी माझ्या ओट्यावर चहा पिताना कप हातातून सुटला. उजवा हात लोंबायला लागला, तोंडातून शब्द फुटेना. रिक्षात घालून शहापूर गाठेपर्यंत वाचा परत आली, पण माझं निम्मं रक्त आटलं. डॉक्टर म्हणाले, या वेळी गुठळी विरघळली, पुढच्या वेळी भरवसा नाही. काकांच्या खिशातलं गोळ्यांचं पाकीट उघडलं तर निम्म्या गोळ्या तशाच.

परतताना मी भडकले. तीस वर्षं गावाला तहानलेलं ठेवलंत, आता स्वतःलाही एक दिवसाआड का, असं रिक्षावाल्यादेखत बोलले. काका घरी पायरीवर बसल्यावर बोलले.

"पोरगा रोज सातला फोन करतो. गोळी घेतली का, इचारतो. हो म्हटलं की ठेवून देतो. नाय म्हटलं की धा मिनटं वरडतो." मग खाली बघत म्हणाले, "एक दिवस गोळी, एक दिवस पोरगा."

मी म्हटलं, मग गोळी घ्या आणि नाही घेतली म्हणून सांगा. कोण बघायला येतंय?

"पोराशी खोटं बोलू?"

शिव्या घालायला तोंड उघडलं होतं, पण रडूच आलं मला. हा माणूस मरायला तयार होता, खोटं बोलायला नाही.

मुलगा धावत आला, दोन दिवस राहिला, गेला. खरं कारण काकांनी मला त्याला सांगू दिलं नाही. फोन पुन्हा सातला यायला लागला, तसाच, अर्ध्या मिनिटाचा.

आता पावणेसातला मी पाण्याचा तांब्या घेऊन जाते. गोळी माझ्यासमोर गिळायची, आ करून दाखवायचं. फोन वाजला की मीच उचलते.

"तुमचे बाबा आजपण गोळीला कटकट करतायत बघा," मी सांगते. "माझं ऐकत नाहीत. तुम्हीच समजवा."

आणि फोन काकांच्या कानाला लावून मी आत कपबश्या विसळायला जाते. पलीकडून मुलगा ओरडत असतो. काका मधूनमधून नुसतं "हं" म्हणतात.