मोज्यातले गुलाब आणि बारा पाचचं विमान

कनेक्टिंग फ्लाइट चुकते ती वेंधळ्या माणसांची! हे वाक्य मी घरात किमान चाळीस वेळा म्हटलं असेल. आणि का म्हणू नये? गेली सव्वीस वर्षं मी शहर बससेवेच्या वेळापत्रक विभागात आहे. कुठली बस कुठल्या थांब्यावर किती वाजून किती मिनिटांनी यायची, हे मी ठरवतो. (ती तेव्हा येते का, हे बघणारा विभाग वेगळा आहे.) अशा माणसाच्या हातात दोन विमानांच्या मधले तब्बल दोन तास पंचावन्न मिनिटं! पट्टीच्या पोहणाऱ्याला बादलीभर पाणी दाखवून घाबरवण्यातला प्रकार!

आम्ही तिघं होतो. मी, आमची ही, आणि माझी आत्या. परदेशात माझ्या धाकट्या भावाकडे तीन आठवडे राहून परत निघालो होतो. आत्या म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. जन्मात एकदाही खोटं बोललेली नाही. तुम्ही म्हणाल, किती छान! म्हणजे तुम्ही तिच्याबरोबर प्रवास केलेला नाही.

आमची लेक नाटकाच्या तालमी चालू होत्या म्हणून मामाकडे राहिली होती. तिच्या नाटकाचा पहिला प्रयोग आम्ही परतायच्या दिवशीच, दुपारी चार वाजता होता. याआधीच्या तिच्या दोन्ही नाटकांना मी पोहोचलो नव्हतो. एकदा ऑफिसात नवं वेळापत्रक निघालं म्हणून, आणि दुसऱ्यांदा निघालेलं वेळापत्रक चुकलं म्हणून. या वेळी ती फोनवर फक्त एवढंच म्हणाली होती, "बाबा, आलात तर या." या 'तर'नं माझी झोप उडवली होती.

म्हणून मी कागद तयार केला. नऊ दहाला उतरणे. नऊ पंचवीसला पासपोर्टची रांग. नऊ पन्नास ते नऊ सत्तावन्न आत्याचं हातपाय धुणे. दहाला दुसऱ्या विमानाकडे कूच. मग बारा पाचपर्यंत नुसता आराम! हा कागद मी विमानातच दोघींना वाचून दाखवला. ही म्हणाली, "आणि बॅगा?"

"बॅगा थेट जातात!" मी हसलो. अडाण्यांकडे बघून हसतात तसं.

विमान नऊ आठला टेकलं. दोन मिनिटं आधी! पासपोर्टचा शिक्काही झटपट बसला. मी 'पुढील विमाने' लिहिलेल्या बाणाच्या दिशेनं वरातीच्या घोड्यासारखा निघालो. तिथे गणवेशातल्या एका बाईनं हात आडवा केला.

"सामान कुठेय?"

"सामान थेट घरच्या विमानतळावर उतरणार. हा बघा टॅग!"

"साहेब, देशात पहिल्यांदा जिथे उतरता तिथेच सामान घ्यायचं. ते कस्टममधून न्यायचं. मग बाहेरच्या काउंटरवर पुन्हा द्यायचं."

"पण टॅगवर आमच्या गावाचं नाव आहे!"

"माझ्या बॅजवरही माझं नाव आहे. म्हणून हा विमानतळ माझा होत नाही. मागे फिरा."

मी मागे फिरलो. ही शांतपणे म्हणाली, "निघताना काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं होतं हे. तेव्हा तुम्ही तिला रांग कशी लावावी ते शिकवत होतात."

सामानाच्या पट्ट्यावर आमच्या दोन बॅगा लगेच आल्या. तिसरी, आत्याची, येईना. दहा वाजले. दहा दहा झाले. आजूबाजूची माणसं पांगली. पट्ट्यावर एक निळी बॅग पोट वर करून एकटीच फिरत होती. पुन्हा फिरली. पुन्हा फिरली.

"आत्या, तुझी बॅग कुठल्या रंगाची गं?"

"निळी."

"मग ही?"

"असेल. पण ती उलटी पडलीय, नाव दिसत नाहीये. खात्री नसताना दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये."

"अगं, किती वेळ बघत्येस तिच्याकडे?"

"सातवी फेरी आहे ही."

मी पट्ट्यावर झेप घातली. बॅग उलटवली. पांढऱ्या रंगात, वळणदार अक्षरात, आत्याचं पूर्ण नाव, हुद्दा आणि कंसात 'निवृत्त'! दहा पंचवीस झाले होते. माझ्या कागदाप्रमाणे मी या वेळी पाय पसरून बसलेला असायला हवा होतो.

तरी घाबरायचं कारण नव्हतं. कस्टमला दोन वाटा होत्या. काही सांगण्यासारखं असेल त्यांनी लाल वाटेनं जायचं, नसेल त्यांनी हिरव्या. हिरव्या वाटेवर एक अधिकारी जांभई देत उभा होता. त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि माशी वारावी तसा हात हलवला. जा! मी ट्रॉली ढकलली. चार पावलं गेलो आणि लक्षात आलं की आत्या मागे राहिलीय.

ती भिंतीवरचा नियमांचा फलक वाचत होती. एकूण एकवीस नियम. बोट ठेवून, चष्मा सावरत, पोटनियमांसकट.

"आत्या, चल!"

"थांब. नववा नियम. रोपं, फांद्या, बिया, माती." तिनं वळून अधिकाऱ्याला विचारलं, "काय हो, तुम्ही आम्हाला काहीच कसं विचारलं नाहीत?"

अधिकाऱ्याची जांभई अर्ध्यावर थांबली. "आजी, तुमच्याकडे काही आहे का?"

"माझ्याकडे नाही. पण तीन बॅगा आहेत आणि मी फक्त एक भरलीय. बाकीच्यांबद्दल मी कसं सांगणार?"

मी पुढे झालो. "साहेब, वय झालंय तिचं. आमच्याकडे काहीही नाही!"

तेवढ्यात हिनं मागून माझा शर्ट ओढला. मला वाटलं, ही म्हणतेय की जरा ठासून बोला. म्हणून मी ठासून बोललो, "एक पानसुद्धा नाही!"

हिनं चिमटा काढला. मला आणखी जोर चढला. "आमच्या खानदानात कुणी नियम मोडलेला नाही! हवं तर उघडा बॅगा! तिन्ही उघडा! एक पान जरी सापडलं ना, तर इथे तुमच्यासमोर चावून खाईन!"

हिनं डोळे मिटून घेतले. अधिकाऱ्यानं खिशातून हातमोजे काढले.

पहिली उघडली माझीच बॅग. शर्ट, दाढीचं सामान, भावानं दिलेलं स्वेटर. आणि तळाशी माझे जाड लोकरीचे मोजे. टम्म फुगलेले. ओले.

"हे मोजे कुणाचे?"

"माझे."

"आत काय आहे?"

"आत... पाय असायला हवेत."

अधिकाऱ्यानं दोन्ही मोजे उपडे केले. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या गुलाबाच्या चार फांद्या बाहेर आल्या. दोन इकडच्या मोज्यात, दोन तिकडच्या. बुडाशी मूठ मूठ माती. आणि पानं? मी मोजली. तेवीस!

"खाताय ना?" अधिकारी म्हणाला.

मी हिच्याकडे वळलो. ही पदराशी चाळा करत म्हणाली, "जाऊबाईंच्या अंगणातला पिवळा गुलाब आहे. आपल्याकडे मिळत नाही तसला. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही आणू दिला असता का?"

"नसता!"

"म्हणून नाही सांगितलं. शर्ट ओढला, चिमटा काढला, आणखी काय करायचं होतं मी? तुमच्या तोंडात मोजा कोंबायचा?"

रोपांसाठी वेगळा अधिकारी लागतो, हे ज्ञान मला दहा चाळीसला मिळालं. तो मालाच्या इमारतीत बसतो, हे दहा बेचाळीसला. तिथून तो चालत येतो आणि त्याचे गुडघे दुखतात, हे दहा पंचावन्नला, तो आल्यावर. सोबत भिंग घेऊन आला होता. त्यानं एकेक फांदी भिंगाखाली धरली. मग मातीत काडी घातली. काडीच्या टोकाला काहीतरी वळवळलं.

"गांडूळ," तो म्हणाला. "म्हणजे जिवंत प्राणी. त्याचा फॉर्म वेगळा."

"अहो, सोडा ना त्याला!" मी ओरडलो. "आमचं बारा पाचचं विमान आहे!"

"सोडू? परदेशी गांडूळ? इथे?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विमानतळावर वाघ मोकळा सोडा म्हणालो होतो.

मग जबाब. आत्यानं तो लिहून घेणाऱ्याच्या हातातून कागद काढून घेतला, कारण त्यानं 'गांडूळ'मधला 'डू' ऱ्हस्व लिहिला होता. पुढे तिला ते पुल्लिंगी की नपुंसकलिंगी यावर बोलायचं होतं. भिंगवाल्याला ते उभयलिंगी असतं यावर बोलायचं होतं. दोघं समोरासमोर खुर्च्या घेऊन बसले. मी घड्याळाकडे बघत भिंतीला डोकं टेकून उभा! आमची लेक आता नाट्यगृहाकडे निघाली असेल!

शेवटी अधिकाऱ्यालाच दया आली. फांद्या जप्त, माती जप्त, गांडूळ जप्त, आणि माती लागली म्हणून मोजेही जप्त. 'स्वतः होऊन सांगितलं' म्हणून फक्त ताकीद. आत्या माझ्याकडे विजयी मुद्रेनं बघत होती. मी 'मोजे, दोन नग' यापुढे सही ठोकली आणि धावत सुटलो.

बाहेरचा सामानाचा काउंटर अकरा वीसला बंद होत होता. आम्ही अकरा तेवीसला पोहोचलो. काउंटरवरचा माणूस पाटी लावत होता.

"तीन मिनिटं!" मी हात जोडले.

"पट्टा बंद झाला, साहेब."

मी तोंड उघडणार तोच ही मला बाजूला सारून पुढे झाली. "दादा, चार वाजता आमच्या मुलीचं नाटक आहे. याआधी दोनदा हे पोहोचले नाहीत. चूक माझी आहे, गुलाबाच्या फांद्या मी लपवल्या होत्या. बॅगा कधीही पाठवा. फक्त आम्हाला जाऊ द्या." तिचा आवाज शेवटी फाटला. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण हिनं चूक कबूल केलेली मी पहिल्यांदाच ऐकत होतो. एरवी मी ही तारीख लिहून ठेवली असती!

त्या माणसानं पाटी खाली ठेवली. "बॅगा संध्याकाळच्या विमानानं येतील. तुम्ही पळा. तुमचं विमान त्या पलीकडच्या इमारतीतून सुटतं. बाहेर बस आहे."

बस! शेवटी माझ्या राज्यातली गोष्ट! बाहेर फलक होता, 'दर दहा मिनिटांनी'. बस उभी होती. चालक मात्र बाजूच्या कट्ट्यावर चहा पीत बसला होता. पाच मिनिटं झाली. दहा झाली.

"अहो, दर दहा मिनिटांनी लिहिलंय ना?" मी कडाडलो. "दहा होऊन गेली! काही वेळापत्रक वगैरे आहे की नाही तुम्हाला?"

त्यानं चहाचा एक घोट घेतला. "साहेब, ते बनवणारा कधी बसमध्ये बसलेला नसतो. खुर्चीत बसून आकडे भरायला त्याचं काय जातं? एक दिवस माझ्या जागी येऊन चालवून दाखव म्हणावं!"

ही खोकल्यासारखं काहीतरी करत तोंड फिरवून उभी राहिली. आत्या म्हणाली, "अहो, आमचा हा तेच काम कर..."

"आत्या, बसमध्ये चढ!"

पुढचं फार आठवत नाही. तपासणीत पट्टा काढला तो हातातच राहिला. एका हातानं पँट धरून, दुसऱ्या हातानं आत्याला ओढत मी धावलो. ही आमच्या दोघांच्या चपला घेऊन मागून. गेटवर पोहोचलो तेव्हा बारा वाजायला दोन मिनिटं होती आणि माझ्या तोंडून शब्दाऐवजी शिट्टीसारखा आवाज येत होता.

गेटवरची मुलगी म्हणाली, "शांत व्हा, काका. विमान यायचंय अजून. एक वाजता सुटेल."

सगळे प्रवासी आरामात पेंगत बसले होते. मी तिथेच जमिनीवर बसलो. कुणाच्या तरी उशिरावर इतकं प्रेम मी आयुष्यात कधी केलं नव्हतं!

तर, पोहोचलो. घराची किल्ली बॅगेत, बॅगा मागच्या विमानात, म्हणून थेट नाट्यगृहात गेलो. चाराला पाच कमी! लेकीनं पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि पहिल्या रांगेत आम्हाला बघून तिचा चेहरा असा उजळला की त्या गांडुळालाही मी माफ केलं. पडदा उघडला. मऊ खुर्ची, गार हवा, मंद अंधार. मी फक्त एक क्षण डोळे मिटले.

टाळ्यांच्या कडकडाटानं जाग आली. हिचा चेहरा बघूनच कळलं. सगळं नाटक होऊन गेलं होतं!

मी रंगपटात गेलो तो चोरासारखा. लेक न्यायाधीशाच्या काळ्या झग्यात उभी होती. म्हणाली, "बाबा, तुमचं घोरणं शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येत होतं. मला पुढचं वाक्यच आठवेना. मग मी हातोडा आपटला आणि म्हटलं, 'फिर्यादीच्या वकिलांना कुणीतरी उठवा!' माणसं हसून हसून खाली पडली!"

आणि ती मला घट्ट बिलगली.

त्यांच्या दिग्दर्शकानं ते वाक्य नाटकात कायम ठेवलंय. पुढच्या बारा प्रयोगांसाठी पहिल्या रांगेतली मधली खुर्ची माझ्या नावानं राखून ठेवलीय. अट एकच आहे, आदल्या रात्री झोपायचं नाही!