निळ्या औषधास मुदतवाढ

मुदत निसर्गात सापडत नाही. ती माणूस छापतो. आणि माणसाने छापलेल्या गोष्टीत माणसाला दुरुस्ती करता येते, या विश्वासावरच सुसंस्कृत समाज उभा आहे. चेन्नईच्या वेस्ट मांबलममधली आमची चोवीस बिऱ्हाडांची इमारत हा त्या विश्वासाचा उत्तम नमुना. आमच्या लिफ्टच्या तपासणीला मुदतवाढ आहे. गच्चीच्या गळतीला मुदतवाढ आहे. सेक्रेटरी बालाजीराव यांची नेमणूक एका वर्षासाठी झाली होती. ते सध्या अकराव्या वर्षात आहेत.

तळमजल्यावर टपालपेट्यांशेजारी इमारतीची माशांची टाकी आहे. तिच्यात काय घालायचे, हा अधिकार फक्त समितीचा. टाकीतल्या सहा माशांपैकी बोंडा नावाचा गोल, केशरी गोल्डफिश मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या नंदिताचा. (वय नऊ. माशाचे नव्हे.) जूनमधल्या एका सोमवारी बोंडाच्या अंगावर साखर सांडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. नंदिता संध्याकाळी माझ्याकडे गणित शिकायला येते. त्या दिवशी ती वहीऐवजी टाकीखालच्या कप्प्यातली औषधाची बाटली घेऊन आली.

"सार, ह्याच्यावर काय लिहिलंय?"

मी मुलांना उत्तर सांगत नाही, वाचायला लावतो. तिने वाचले. मुदत मागच्या वर्षीच्या मार्चमध्ये संपली होती. बाटली मात्र अजून अर्धी भरलेली होती.

अर्धी भरलेली बाटली फेकण्याची आमच्या इमारतीत प्रथा नाही. मंगळवारी समितीची तातडीची सभा भरली. दुसऱ्या मजल्यावरच्या कनकाबाईंनी मूलभूत मुद्दा मांडला, "माशाला तारीख वाचता येते का?" येत नाही, असे एकमताने ठरले. मग बालाजीरावांनी बाटली उजेडात धरून रासायनिक तपासणी केली.

"निळं आहे ना अजून? मग झालं तर."

ठराव क्रमांक सात : सदर औषधास जानेवारीतल्या पोंगलपर्यंत मुदतवाढ देण्यात येत आहे. बाजूने सहा हात. (त्यांपैकी एक पंखा कमी करायला वर गेला होता, तोही धरला.) जुन्या तारखेवर कागद चिकटवून नवी तारीख घातली, वर समितीचा शिक्का मारला. इतके सुबक लेबल मूळ कंपनीलाही जमले नव्हते.

ठराव माशाला कळवण्याची तरतूद नसल्यामुळे ठिपके वाढले. मंगळवारी अकरा, शुक्रवारी अडतीस. (मोजणी नंदिताची. बोंडा आता हलत नसल्यामुळे मोजणे सोपे गेले.) तो तळाशी बसून राहिला, खाणे सोडले. बालाजीरावांनी लगेच उपाय काढला, "जुनं आहे, जोर कमी झाला असेल. उद्या सभेत मंजूर करून डबल घालू."

नंदिता रडली नाही. तिने विचारले, "सार, मुदतवाढ ह्या एकाच औषधाला का?"

चांगल्या प्रश्नाला मी गृहपाठ देतो. त्याच संध्याकाळी पाच मुले वह्या घेऊन घरोघर गेली. बाटल्या, गोळ्या, मलमे मिळून एकूण नग चारशे बारा. मुदत संपलेले दोनशे तीन. ते फेकायला तयार असलेली घरे, शून्य. शेजारच्या माधवरावांकडे डोळ्यांत घालायचे थेंब निघाले. ते ज्या मुलासाठी आणले होते त्याच्या लग्नाला आम्ही सगळे जेवून आलो आहोत.

बालाजीरावांच्या घरात मात्र जुने काहीच नव्हते. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांना फक्त दोन महिने उरले आहेत हे दिसताच त्यांनी सकाळीच दुकानदाराशी भांडून पट्टी बदलून आणली होती. ही माहिती त्यांच्या पत्नी तुळजाबाईंनी अभिमानाने, सावकाश, नीट लिहून घ्यायला लावली.

शनिवारी टाकीसमोरच सभा बसली. नंदिता उभी राहिली.

"मामा, ती गोळ्यांची पट्टी परत घेऊन या ना. तिलापण पोंगलपर्यंत मुदत देऊ. शिक्का मी आणलाय."

पाच मुलांनी हात वर केले. सवयीने कनकाबाईंचाही गेला.

"काहीतरीच काय," बालाजीराव म्हणाले. "अगं पोरी, माझ्या गोळ्या म्हणजे जिवाचा प्रश्न आहे."

 नंदिताने टाकीकडे पाहिले. मग कनकाबाईंनी पाहिले. मग सगळ्यांनीच पाहिले.

दुपारी भर उन्हात बालाजीराव स्वतः स्कूटरवरून कोळत्तूरच्या शोभेच्या माशांच्या बाजारात गेले आणि नवी बाटली घेऊन आले. दुकानात त्यांनी तारीख तीनदा वाचली म्हणे. दहा दिवसांनी बोंडा वर येऊन तोंड उघडू लागला. आता तो सहाही माशांचे खातो.

जुनी बाटली समितीच्या कपाटात आहे. ठराव रद्द झालेला नाही, त्यामुळे ती पोंगलपर्यंत कायदेशीररीत्या ताजी आहे.

आमच्या इमारतीला हसून झाले असेल, तर एक छोटा गृहपाठ. तुमच्या फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीमागे, एक बाटली आहे. कोणती ते तुम्हाला सांगायला नको. आता तुम्ही उठाल, ती काढाल, तारीख वाचाल, चष्मा पुसून पुन्हा वाचाल, आणि होती तिथेच ठेवाल.

अजून अर्धी आहे ना.