मेपलला लोंबकळताना

नाही म्हणणं मला कधीच जमलं नाही (म्हणून तर संसार झाला). त्यामुळे २००५च्या शरदात ऑफिसातला डेल म्हणाला, "हरणांच्या शिकारीला चल, नुसता शेजारी बस," आणि मी हो म्हणून मोकळा झालो. अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातला शुद्ध शाकाहारी मी, झाडावरच्या मचाणावर!

पडू नये म्हणून अंगात पट्ट्यांचा हार्नेस घालावा लागतो. "नवाच घे," डेलनं बजावलं होतं. मी अर्थातच गराज सेलमधून, म्हणजे कुणाच्या तरी दारातल्या जुन्या सामानाच्या विक्रीतून, वापरलेला उचलला.

शैलजानं, म्हणजे माझ्या बायकोनं, तो दिव्याखाली धरला.

"अहो, शिवण उसवलीय. पट्टा उन्हानं विटलाय. बकल गंजलंय. फेका हा!"

"अगं, अमेरिकन माल आहे. हत्ती लटकेल!"

"मग हत्तीला द्या."

नवऱ्याचा स्वाभिमान दुखावला की तो शिडी शोधतो. मी अंगणातल्या मेपलच्या फांदीला दोर बांधला, हार्नेस चढवून त्याला अडकवला, शिडीवरून ओरडलो, "बघ!" आणि पाय सोडले.

टर्रकन आवाज आला. मांडीचा पट्टा सुटला, मी कलंडलो आणि माझ्याच लाथेनं शिडी आडवी झाली. एक पाय आकाशाकडे, डोकं गवताकडे अशा थाटात मी गरगर फिरू लागलो. एका फेरीत शैलजा दिसे, दुसऱ्या फेरीत शेजारच्या मिसेस ओल्सन.

"व्यायाम चाललाय का?" त्यांनी कुंपणावरून विचारलं.

"नो, टेस्टिंग!" धावत येत शैलजा म्हणाली. मग हळूच मला, "हलू नका हो, प्लीज." तिचा आवाज कापत होता. (माझं तर सगळंच कापत होतं.)

तिनं मला खालून तोललं आणि तेवढ्यात उरलेली शिवणही गेली. आम्ही दोघं वाळक्या पानांच्या ढिगात!

शैलजा उठली, केसांतली पानं झटकली, आतून कात्री आणली आणि एकेक पट्टा कापून काढला. "उगाच आणखी कुणी उचलायला नको." नवा हार्नेस तिनंच निवडला. दुकानात मला घालायला लावून प्रत्येक पट्टा ओढून पाहिला.

नोव्हेंबरात डेलनं मला मचाणावरून सुखरूप घरी आणून सोडलं.

"हरीण आलं का?" शैलजानं विचारलं.

"केवढं मोठं! अगदी खाली येऊन उभं राहिलं," डेल म्हणाला. "पण ह्याचं घोरणं ऐकलं आणि पळालं."

शैलजानं सुस्कारा सोडला.

"नशीबवान! त्याला पळता तरी आलं."