मंगळवारची जमीन

फकिराने शिवनाथ नदीपल्याडच्या गावात आमराईलगत जमिनीचा तुकडा घेतला, तो एकाच हट्टापायी. आठवड्यातून एक दिवस घरातल्या चौघांनी एका झाडाखाली बसलंच पाहिजे! खुर्सीपारच्या घरी सगळे एका छताखाली होते खरे, पण मुलगा मोहित मोबाइलमध्ये, मुलगी भूमिका कोचिंगमध्ये, बायको मथुरा सीरियलमध्ये आणि फकिरा स्वतः रोलिंग मिलच्या शिफ्टमध्ये. एका ताटलीत चार वडे उरले तर ते चार वेगवेगळ्या वेळी संपत.

जमीन त्याने पारखून घेतली. चारदा पाहून आला. तिथली शांतता पाहून तर जीवच भाळला. मग साहेबाच्या हातापाया पडून त्याने वर्षानुवर्षांचा वीकली ऑफ बदलून रविवार करून घेतला, कारण पोरांना सुट्टी रविवारचीच.

पहिल्याच रविवारी चौघं सतरंजी आणि वड्यांचा डबा घेऊन पोचले. जमिनीवर मेथीचे ढीग होते, सुकी मासळी होती, बांगड्या होत्या, पाय बांधलेल्या कोंबड्या होत्या. फक्त जमीन दिसत नव्हती.

"ओ बाई, हे आमची जमीन हाये! कावून बसल्या इथं?" फकिरा ओरडला.

"इतवार के त इहां बजार भरथे, बाबूजी," बोरं विकणारी म्हातारी म्हणाली. "तुमन का बेचे बर लाय हव?" तिला वाटलं, हेही काही विकायलाच आलेत.

मथुराने नवऱ्याकडे पाहिलं. "चार डाव पाहाले आलते ना तुमी? कोन्त्या वारी?"

फकिराचा जन्माचा ऑफ मंगळवारचा. बाकीच्या वारी जग काय करतं, हे त्याला कुठून ठाऊक असणार!

पण माघार घेईल तो फकिरा कसला! "बसाचं मंजे बसाचं!" म्हणत त्याने कोंबड्या आणि बांगड्यांच्या मधे सतरंजी घुसवली. चौघं गुडघ्याला गुडघा लावून बसले. डबा उघडतो न उघडतो तोच एक गिऱ्हाईक वाकून वड्यांचा भाव विचारू लागलं. "बरा कइसे देवत हव?"

"इकाचे नाई हायेत!" फकिरा कडाडला.

तोवर मथुराने पानावर दोन वडे ठेवलेसुद्धा. मोहित उठून ओरडू लागला, "ताजा बड़ा! गरम बड़ा!" वडे सकाळचे होते. भूमिका पानं पुसता पुसता हसून लोळायची बाकी राहिली. मोबाइल काढायला हात रिकामा होता कुणाचा? चौघं उपाशीच परतले आणि घरापर्यंत बडबडत आले.

तरी फकिराचा हट्ट कायम. शनिवारी त्याने जाहीर केलं, "साहेबाले सांगून मंगळवार वापस घेतो. पोरं एक दिवस खाडा करतीन. निवांत बसू."

घरातल्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात उद्याच्या वड्यांची डाळ भिजवत असलेल्या मथुराने मानही वर केली नाही.

"मंगळवारी तिथं काय हाये? रिकामी जमीन!"